दरवाजाच्या माथ्याचा दगड

कनूट लेंडोर आमच्या गावच्या किल्ल्यावर चौतीस वर्षं राखणदार होता, आणि तेवढ्या काळात गावातल्या एकूण एक माणसाशी त्याचं भांडण झालं. माझ्याशी तर दोनदा झालं. तो माझा चुलत भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते. नाहीतर काय काय म्हटलं असतं ते गावाला ठाऊक आहे.

किल्ला म्हणायला उरलंय काय? समुद्राकडे तोंड करून बसलेल्या सहा तोफा, पावसाच्या पाण्याचं टाकं, दारूगोळ्याची बिनछपराची खोली, आणि जॅनेट वादळात कोसळलेला मोठा दरवाजा. ते वादळ पंचावन्न सालचं. दरवाजा पडला आणि गावाला घडीव दगडांची फुकटची खाण मिळाली. ज्याला लागेल त्यानं वर जावं, उचलून आणावं. कुणी पायरी केली, कुणी डुकराच्या खोपट्याला भिंत घातली, कुणी नुसता शेळी बांधायला आणला. आमच्या बापानं पावाच्या भट्टीचा तळ किल्ल्याच्या विटांनी बांधला. कॅरिअकूसारख्या एवढ्याशा बेटावर बाहेरून वीट आणायची तर होडीनं, मग वरची चांगली वीट काय शेळ्यांनी लोळायला ठेवायची? त्या भट्टीवर मी आयुष्यभर पाव भाजला आणि मला त्यात कधी पाप वाटलं नाही.

चौऱ्याऐंशी साली कनूटदादाला राखणदाराची नोकरी लागली. खाकी सदरा, एक शिट्टी आणि दारूगोळ्याच्या खोलीची किल्ली मिळाली, आणि स्वारीच्या अंगात वारं शिरलं. घरोघर फिरून दगड ओळखायला लागला. किल्ल्याचा दगड त्याला लांबून कळायचा. ढकलगाडी घेऊन यायचा आणि म्हणायचा, ‘हा वरचा आहे. वर जाईल.’ मिसेस क्लाउडनची पायरी न्यायला आला तेव्हा ती बाई पायरीवरच हाताची घडी घालून उभी राहिली. तिचा नवरा चर्चमधला मोठा माणूस, तिला हात कोण लावणार? हा समोरच्या रस्त्यावर उन्हात बसला. दोन तास बसला. शेवटी चुलीवरचा भात करपल्याचा वास आला, बाई आत पळाली, आणि बाहेर येते तोवर पायरी ढकलगाडीत.

‘मेल्या, आता मी घरात चढू कशी?’ ती ओरडली.

‘पाय उचलून,’ हा म्हणाला आणि गेला.

मग माझी पाळी. एका सकाळी येऊन त्यानं भट्टीच्या तोंडात डोकं घातलं आणि बॅटरी लावून तळ बघितला.

‘ऑर्लिन, या विटा किल्ल्याच्या आहेत.’

‘असतील. फोड भट्टी आणि घेऊन जा. उद्यापासून गावाला पाव तू खाऊ घाल.’

‘चोरीच्या विटेवर भाजलेला पाव आहे हा.’

‘मग खाऊ नकोस. गेली तीस वर्षं खाल्लास तो कुठे गेला?’

भट्टी फोडायची त्याची छाती झाली नाही, पण दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. पाव मात्र शेजारणीकडून मागवायचा. त्या दिवशी माझ्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं होतं: ‘आणि मा फीमीच्या अंगावर काय आहे रे, दादा?’ ते मी गिळलं. मी काही देवमाणूस नाही, माझ्या तोंडाला गाव भितं. पण मेलेल्या माणसाच्या दगडावरून कुणाला टोचायचं नाही, एवढं मला माझ्या आईनं शिकवलंय.

काय गिळलं तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मा फीमी म्हणजे त्याची आई, यूफीमिया लेंडोर. तिच्या तरुणपणी किल्ल्यावर लाकडी बंगला होता आणि त्यात सरकारी साहेब राहायचे. ती त्यांचे कपडे धुवायची. मळके कपडे डोक्यावर घेऊन खाली विहिरीवर यायचं, धुऊन वाळवून वर न्यायचे. पण दरवाजातून जायचं नाही. दरवाजा साहेबांचा आणि त्यांच्या पाहुण्यांचा. धोबिणींसाठी मागून शेळ्यांची वाट होती, एका बाजूला निवडुंग आणि दुसऱ्या बाजूला कडा. ती वीस वर्षं त्या वाटेनं चढली-उतरली. मग जॅनेटनं बंगलाही नेला आणि दरवाजाही पाडला. साहेब मोठ्या बेटावर राहायला गेले आणि मा फीमीचं काम सुटलं. मग ती भाजलेल्या शेंगा विकायची. सहासष्ट साली गेली.

आमच्याकडे माणूस पुरला म्हणजे झालं, असं नसतं. वर दगड बसेपर्यंत तो अर्ध्या वाटेवरच असतो. दगड घडवून घ्यायचा, बोकड कापायचा, मोठे ढोल वाजवायचे, गावाला जेवण घालायचं, दगडावर पाणी आणि रम शिंपडायची, मग त्याला सांगायचं की आता झोप. कुणाला ते दोन वर्षांत जमतं, कुणाला वीस लागतात. तोवर मेलेलं माणूस स्वप्नात येऊन मागत राहतं. मा फीमी तीन वर्षं कनूटदादाच्या स्वप्नात येत होती. म्हणायची, ‘भिजले रे. अंगावर काहीतरी घाल.’ बाप लहानपणीच बोटीवर गेलेला, पाठीवर कुणी नाही, आणि हा एकवीस वर्षांचा पोरगा दुसऱ्यांच्या होड्यांना डांबर फासून पोट भरायचा. दगड आणणार कुठून?

एकोणसत्तर सालच्या एका रविवारी सगळं गाव चर्चमध्ये होतं. माझा पाय भट्टीशी भाजला होता, म्हणून मी घरी खिडकीत बसले होते. आमचं गाढव कनूटदादानं आदल्या दिवशीच मागून नेलं होतं. किल्ल्याच्या उतारावरून तो आणि ओबँ गवंडी एक लांबोडा दगड उतरवत होते. आम्ही नवी होडी पाण्यात नेताना खाली ओंडके घालतो, त्यांना चरबी फासतो आणि मागचा ओंडका काढून पुढे घालत जातो, तसंच त्यांनी केलं होतं. साडेतीन हात लांब, हातभर रुंद, वीतभर जाड. दरवाजाच्या माथ्यावरचा दगड होता तो, मी लहानपणापासून गवतात पडलेला पाहिला होता. त्याच्या एका अंगाला मुकुट आणि साल कोरलेलं होतं. वळणावर आमचं गाढव बसकण मारून बसलं, दगड ओंडक्यांवरून घसरून धाडकन पडला, पण फुटला नाही. ते दफनभूमीकडे वळले.

संध्याकाळी बापाला मी सांगायला गेले तर तो म्हणाला, ‘पाहिलंस ते गिळून टाक. गाढव मी उगाच दिलं नाही.’

ओबँनं दगडाच्या कोऱ्या बाजूवर नाव कोरलं. कनूटदादानं त्याला बजावलं होतं, ‘खोल कोर. पावसानं पुसलं जाता कामा नये.’ बोटाचं पेर आत बुडेल इतकी खोल अक्षरं कोरली त्यानं. दगड बसवला तो मुकुट खाली आणि नाव वर करून. जेवण झालं, ढोल झाले, तुरीचे दाणे घातलेला भात मीच वाढला. दगड कुठला, हे कुणी विचारलं नाही. त्या काळी विचारायचं कारणही नव्हतं, सगळ्यांच्याच घरी किल्ला होता. मा फीमी स्वप्नात यायची थांबली. ओबँ पुढे वारला, माझा बाप वारला. उरलो आम्ही दोघं, आणि त्यातलं एक मी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

आणि हाच माणूस पुढे राखणदार झाला. इतका कडक का झाला, ते तुम्हीच समजून घ्या. मला विचाराल तर तो गावाच्या पायऱ्या परत नेऊन स्वतःचा दगड फेडत होता. पण त्याचा हट्ट एकच होता, तो पडका दरवाजा पुन्हा उभा राहिला पाहिजे. दर वर्षी मोठ्या बेटावरच्या सरकारी कचेरीला पत्र लिहायचा. चौतीस वर्षांत चौतीस पत्रं गेली असतील. उत्तर कधी आलं, कधी नाही. पोस्टातली बाई त्याला पाहिलं की तिकीट आधीच काढून ठेवायची.

आणि एका गुरुवारी त्या कचेरीतून, जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या खात्याची, मिस पेरोट आली.

गुरुवारी सहलीच्या बोटी लागतात, म्हणून मी किल्ल्यावर चिंचेखाली पाव घेऊन बसलेली असते. त्या दिवशी गावातली दहा-पंधरा माणसंही वर आली होती, कारण दरवाजा बांधायचं ठरलंय अशी बातमी होती. मिस पेरोट पस्तिशीची, उन्हाळी टोपी, कमी बोलणारी. तिनं तोफेवर एक जुनं चित्र पसरलं. दरवाजा, त्याचे खांब, आणि माथ्यावर मुकुट नि साल कोरलेला दगड.

‘बाकीचे दगड मिस्टर लेंडोर यांनी गोळा करून ठेवलेत,’ ती म्हणाली. ‘असं काम मी कुठल्याच बेटावर पाहिलं नाही. पण माथ्याचा दगड त्यात नाही. कुणाकडे असेल तर सांगा. कसा आला, हे मी विचारणार नाही.’

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. मिसेस क्लाउडन म्हणाली, ‘माझ्याकडे बघू नका. माझी तर पायरीसुद्धा नेली यानं.’

‘आणि नाहीच मिळाला तर?’ कनूटदादानं विचारलं.

‘तर दरवाजा उभारणार नाही. सिमेंटचा खोटा दगड करून वर मुकुट काढणं मला जमायचं नाही. दुसऱ्या किल्ल्याचं काम घेऊ.’

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. सगळा रंग उतरला होता. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तेवढा एक दगड नवा घडवतील आणि भागेल.

‘तुम्हाला या किल्ल्याचा खडा न् खडा ठाऊक आहे,’ मिस पेरोट म्हणाली. ‘तुम्ही काय सांगता?’

तो तोफेकडे बघत म्हणाला, ‘समुद्रात गेला. जॅनेटमध्ये. मी डोळ्यांनी पाहिला.’

तिनं ते वहीत लिहून घेतलं. शंका घ्यायचं कारणच नव्हतं. किल्ल्याच्या बाबतीत हा माणूस चौतीस वर्षांत एक शब्द खोटा बोलला नव्हता, आणि पहिला खोटा शब्द बोलला तो सरळ वहीत गेला. ती म्हणाली, पुढच्या गुरुवारपर्यंत थांबते, मग कळवते. मला इतका राग आला की एका गिऱ्हाइकाला मी उरलेले पैसे द्यायचे विसरले.

नंतर तीन दिवस तो पावाला आला नाही. चौथ्या दिवशी उजाडताना मी भट्टीतली राख ओढत होते, तेव्हा येऊन पिठाच्या पोत्यावर बसला. दाढी वाढलेली, सदरा तोच. मी त्याच्यापुढे कोकोचा गरम चहा ठेवला.

‘मा फीमी येते,’ तो म्हणाला.

‘बरं.’

‘तीन दिवस ओळीनं. दाराशी उभी राहते. आत ये म्हटलं तर येत नाही, जा म्हटलं तर जात नाही.’

‘बोलते काय?’

‘काही नाही. डोक्यावर कपड्यांचं गाठोडं. नुसती उभी.’ त्यानं चहा हातात घेतला, पण प्याला नाही. ‘तिला वाटतंय मी तिचं काहीतरी काढून देणार. म्हणून आडवी उभी राहते.’

‘तू कुठला द्यायला? परवा समुद्रात बुडवून आलास ना?’

त्यानं मान वर केली. 

‘तुला माहीत होतं.’

‘गाढव आमचं होतं, दादा.’

‘तेव्हापासून?’

‘तेव्हापासून. ऑर्लिनच्या पोटात काही राहत नाही म्हणतोस ना सगळीकडे? घे आता.’

‘विटांवरून भांडलो तेव्हाही?’

‘तेव्हाही. भट्टीत घातलेलं डोकं आतच दाबून धरावंसं वाटलं होतं, पण बोलले नाही.’

तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं कप खाली ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर घेऊन रडायला लागला. सत्तर वर्षांचा माणूस. त्याला रडताना मी त्याच्या आईला पुरल्यानंतर पाहिलं नव्हतं. माझं काळीज तुटलं, आणि काळीज तुटलं की मला राग येतो.

‘रडतोस काय?’ मी म्हटलं. ‘दरवाजाचा माथा काढून तिच्या अंगावर घातलास, मग ती दाराशीच उभी राहणार. आत जाईल कुठून? दार धड उभं तरी आहे का?’

खरं सांगते, मला स्वप्नातलं काही कळत नाही. तोंडाला आलं ते बोलले. पण त्यानं हात खाली घेतले. भट्टीत पाव गेले, पहिली भाजणी निघाली, तरी तो पोत्यावर तसाच.

‘उचलला तर ती पुन्हा भिजेल,’ शेवटी म्हणाला. ‘तीन वर्षं भिजली, ऑर्लिन. मी रोज ऐकत होतो.’

‘भिजेल थोडे दिवस. मग दुसरा घालू. तेव्हा तू एकटा होतास, आता गाव आहे.’

‘गाव? गाव मला दगड मारेल.’

‘मारू दे. आपल्याला दगडच हवाय.’

तेव्हा कुठे तो हसला, जरासाच. जाताना एक पाव उचलला. चोरीच्या विटेवरचा.

गुरुवारी तो धुतलेला खाकी सदरा घालून चिंचेखाली आला. सगळे होते. मिस पेरोटनं वही काढायच्या आत तो म्हणाला, ‘मी खोटं सांगितलं. तो दगड माझ्या आईच्या अंगावर आहे. मीच नेला. राखणदार होण्याआधी नेला, पण नेला.’

  पहिला कंठ मिसेस क्लाउडनला फुटला.

‘म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं. आणि माझ्या पायरीसाठी मेला दोन तास उन्हात बसला होता. माझा भात करपला.’

‘तुमची पायरी किल्ल्याची होती, बाई,’ तो म्हणाला. ‘माझा दगडही किल्ल्याचाच आहे. तो वर जाईल.’

त्यानं खिशातून दारूगोळ्याच्या खोलीची किल्ली काढली आणि मिस पेरोटच्या वहीवर ठेवली. ती म्हणाली, याची काही गरज नाही, कसा आला ते विचारणार नाही म्हणून मीच शब्द दिला होता.

‘तुम्ही दिला होता. मी गावात कुणाला दिला नव्हता,’ तो म्हणाला. ‘दुसरा कुणी असता तर मी त्याला सोडलं नसतं.’

आणि खाली उतरून गेला. मला त्याचा अभिमान वाटला. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, आधीच कमी हट्टी आहे का?

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या घरी आम्ही मा फीमीचं ताट मांडलं. आमच्याकडे असं काही करायचं तर घरच्या मेलेल्यांना आधी जेवायला घालतात. मक्याच्या पिठाचा गोळा, मासळी, रताळं, भाजलेल्या शेंगा, एक पेला पाणी, एक पेला रम. पांढरं कापड घालून खोलीचं दार लोटून घ्यायचं, सकाळपर्यंत कुणी आत जायचं नाही. सकाळी मी विचारलं, ‘आली होती?’ म्हणाला, ‘झोपच नाही लागली, येणार कुठे?’

दफनभूमीत सगळं गाव जमलं होतं. काही मदतीला आले होते आणि काही तमाशा बघायला, मला सगळे ओळखू येतात. कनूटदादानं दगडाच्या चारही कोपऱ्यांवर पाणी ओतलं, मग रम ओतली, आणि नेहमीच्या आवाजात बोलला. हळू नाही, मोठ्यानं नाही.

‘मा, मी तुझ्यावर चोरून आणलेलं घातलं होतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. आता परत द्यायचंय. थोडे दिवस उघडी राहशील. मी आहे इथेच.’

आठ माणसांनी पहारी घालून दगड उलटा केला. खाली मुळं आणि ओली माती चिकटली होती. मिस पेरोटनं गुडघ्यावर बसून स्वतःच्या हातानं माती झाडली. मुकुट तसाच्या तसा होता. सालाचा आकडा न् आकडा वाचता येत होता. किल्ल्यावर पडून राहिला असता तर एवढ्या वर्षांत पावसानं झिजून सपाट झाला असता, असं ती म्हणाली. मा फीमीनं पोटाशी धरून ठेवला होता म्हणून राहिला.

पण खरी अडचण मग आली. मोठ्या बेटावरून आणलेला गवंडी दगडाभोवती फिरला आणि म्हणाला, ‘मागची बाजू कोरी हवी. हे नाव घासून काढावं लागेल.’

मिस पेरोटनं चित्र पाहिलं. ‘हो,’ ती म्हणाली. ‘आतल्या अंगाला काही नव्हतं.’

 कनूटदादानं सगळं दिलंच होतं, त्यात हेही देणार होता, ते मला त्याच्या खांद्यांवरून कळलं. मी पुढे झाले. काय बोलणार होते कोण जाणे, चांगलं नक्कीच नव्हतं. पण तेवढ्यात गवंड्यानं त्या अक्षरांत बोट घातलं आणि थांबला. मग दुसऱ्या अक्षरात घातलं. मग दगडाच्या कडेला कान लावून हातोडीनं टकटक केली.

‘कुणी कोरलंय हे? एवढं खोल कशाला? हे जाईस्तोवर घासलं तर दगड निम्मा होईल. आणि इथे चीर आहे, या टोकापासून इथवर. घासायला घेतला तर दोन तुकडे होतील, मग कसला माथा नि कसलं काय. ही चीर कशानं पडली?’

‘वाटेत गाढव बसलं होतं,’ कनूटदादा म्हणाला.

मिस पेरोट उठली. दफनभूमीच्या टोकापर्यंत चालत गेली, समुद्राकडे बघत उभी राहिली आणि परत आली. आम्ही सगळे वाट बघत होतो.

‘घासायचं नाही,’ ती गवंड्याला म्हणाली. ‘नाव आतल्या बाजूला राहील. कागदावर मी लिहीन.’ मग कनूटदादाकडे वळून म्हणाली, ‘तुमच्या आईचं किल्ल्याशी काही नातं होतं का? मला लिहायला काहीतरी लागेल.’

तेव्हा त्यानं तिला कपड्यांचं सांगितलं, आणि शेळ्यांच्या वाटेचं. तिनं ते सगळं लिहून घेतलं.

मा फीमी पाच महिने उघडी होती. पावसाळा मधेच आला. तो रोज सकाळी जाऊन तिच्यावर जुनं शीड पसरायचा आणि कोपऱ्यांवर शंख ठेवायचा. मग गावानं मिळून सिमेंटचा नवा दगड ओतला, पुन्हा बोकड, पुन्हा ढोल. मिसेस क्लाउडननं एक मेंढा दिला, आणि देताना पायरीचा उद्धार केलाच. मी भट्टीचा तळ उकरला आणि विटा ढकलगाडीतून स्वतः किल्ल्यावर नेऊन दिल्या. नव्या विटांवर माझा पाव खालून जरा करपतो. लोक कुरकुर करतात आणि खातात.

आता दरवाजा उभा आहे आणि किल्ल्यावर नवी राखणदार आहे, मर्टल नावाची, हसरी आहे, पण दगडातलं तिला काही कळत नाही. कनूटदादा दर गुरुवारी पांढरा सदरा घालून येतो. इतर पाहुण्यांसारखा. माझ्याशेजारी चिंचेखाली बसतो आणि मर्टलच्या चुका काढतो. मी विचारलं, मा फीमी येते का रे अजून? तर म्हणाला, ‘नाही. ती कशाला येईल, आता मीच जातो.’

गेल्या गुरुवारी बोटीवरून आलेल्या एका बाईनं दरवाजातून आत येऊन मागे वळून वर पाहिलं. गळ्यात कॅमेरा, नाकावर उन्हाचं मलम. तिनं नाव मोठ्यानं वाचलं. मग मर्टलला विचारलं, ‘ही कोण? राणी होती, की किल्लेदाराची बायको?’

मर्टलनं आमच्याकडे पाहिलं. कनूटदादा गुडघ्यावर हात टेकून उठला, तिच्यापर्यंत गेला आणि टोपी काढली.

‘माझी आई,’ तो म्हणाला. ‘इथे कपडे धुवायची. मागच्या वाटेनं यायची.’